उंबऱ्यावरचं बटन

"शिवलिंग, मुडद्या, टँकर फिरीव इकडं!" म्या रस्त्यात आडवी उभी ऱ्हाऊन वरडले.

"काकू, बाजूला व्हा. माझ्या पोटावर पाय नका देऊ."

"तुझ्या पोटावर पाय, अन् आमच्या घशाचं काय रं?"

त्यो ड्रायव्हर खाली उतरला, हात जोडले, अन् टँकर घेऊन गेला तो गेलाच. गेला कुठं? जुन्या गावाला. आता हे जुनं गाव म्हणजे काय भानगड, ती सांगते. त्र्याण्णवच्या भूकंपात आमची खडकसांगवी भुईला मिळाली. सरकारनं तीन किलोमीटरवर, उघड्या माळावर सिमिटाची घरं बांधून दिली अन् आमाला तिथं आणून ठिवलं. तेवीस वर्सं झाली ह्याला. जुन्या जागी आता दगडांचे ढीग अन् येड्या बाभळी. मानूस न्हाई, कुत्रं न्हाई. पर दोन हजार सोळाच्या दुष्काळात सरकारचा टँकर यायचा तो त्या बाभळींना.

ड्रायव्हर म्हणायचा, "काकू, टँकरमधी मशीन बसवलंय. हापिसाच्या नकाशात जिथं गावाचा ठिपका हाय, तिथं जाऊन पाणी वतलं तरच माझी खेप धरतेत. तुमच्या दारात वतलं तर खेप कटली."

मग त्यो तिथल्या जुन्या विहिरीत पाणी वतायचा. अन् ती विहीर भूकंपात तळाला फाटलेली. वरून वता, खालून गडप. आमी बाया घागरी घेऊन तीन किलोमीटर पळत जायचो. पहिल्या धा-बारा जणींना पाणी, मधल्यांना गढूळ, मागच्यांना चिखल. माझं वय पंचेचाळीस, म्या नेहमीच चिखलवाली. आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय म्हणतेत, पर आमच्यात कुत्रं बी नव्हतं खायला.

शेवटी म्या अन् जहांगीर टेलर तहसीलीत गेलो. जहांगीरभाई आमच्याच गल्लीतले, भूकंपाच्या आधीपासून गावाची कापडं शिवतेत. सायबानं पंखा मोठा केला, कॉम्प्युटर आमच्याकडं फिरवला अन् बोट ठिवलं.

"हे बघा बाई, तुमचं गाव हितं हाय. टँकर हितंच जातो. तक्रार कशाची?"

"सायेब, तिथं कुणी ऱ्हात न्हाई."

"नकाशात तर हाय."

"मग म्या कोण? म्या तर तुमच्यापुढं उभी हाय की."

"तुमी कुठं ऱ्हाता ते नकाशात दिसाय पायजे. नवा नकाशा आणा, बदलून टाकतो."

नवा नकाशा म्हणजे काय बाजारातली भेंडी वाटली का! ह्या हापिसानं त्या हापिसाला धाडलं, त्यानं तिसऱ्याला. तिसऱ्यानं लई धुंडून एक पिवळा कागद काढला, निजामाच्या टायमाचा, सगळा उर्दूत. जहांगीरभाईंनी चष्मा लावून वाचला.

"काय लिवलंय भाई?"

"लिखेला हय, हितं आंब्याचं झाड हाय."

ते झाड बी भूकंपाच्या आधीच तोडलेलं. घ्या!

आता जहांगीरभाईंची लेक आलिया. तिची कथा अख्ख्या गावाला पाठ. लातुरात तवा डाक्टर करायच्या क्लासांचं पेव फुटलं व्हतं. चौकाचौकात पोरांच्या तोंडांचे बॅनर, एकेक बॅनर घराएवढा. माझा नवरा हनुमंत तिथल्याच एका होस्टेलवर वॉचमन. जहांगीरभाईंनी बी पोरीला दोन वर्सं क्लासला घातलं. पोरीनं दोन वर्सांनी सांगितलं, "अब्बा, मला बेडूक कापायचा न्हाई," अन् भूगोल घेतला. गाव हसलं. म्या बी हसले, खोटं कशाला बोलू? भूगोल शिकून काय करणार, पृथ्वी गोल हाय हे आमाला बी ठाव हाय.

तीच पोर त्या दिवशी दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीला आलेली. पिवळा कागद बघितला अन् म्हणली, "मावशी, नकाशाचं सामान तर फुकट मिळतं."

"फुकट? हितं पाणी फुकट मिळंना, अन् नकाशा?"

"हाव. वर उपग्रह फिरतेत ना, त्यांनी चाळीस-चाळीस वर्सांपासूनचे जमिनीचे फोटो काढून ठिवलेत. जगातल्या कुनीबी नेटवरून उतरून घ्यावेत. रान कुठं उंच, कुठं सखल, ते बी मिळतं. अन् एक नकाशा असा हाय की तो लोकच मिळून भरतेत. आपलं गाव आपण भरायचं."

"म्हणजे आमी हापिसाच्या पायऱ्या झिजवून राहिलो, अन् आमचा फोटो वरून निघून राहिला व्हता?"

"दर पंधरा-सोळा दिवसाला."

काखेत कळसा अन् गावाला वळसा, आनिक काय!

पर त्या फोटोत घरं येगळी दिसत नव्हती, नुसता पांढुरका डाग दिसायचा. म्हणून पोरीनं डोकं लावलं. मोबाइलमधी एक सोय घातली. आपापल्या उंबऱ्यात उभं ऱ्हायचं, बटन दाबायचं, नाव बोलायचं, की ते घर नकाशात चढलं. तिला परीक्षेला दोन दिस लातूरला जायचं व्हतं, म्हणून मोबाइल तिनं गावातल्या जाणत्या माणसाकडं दिला. ते जाणतं मानूस म्हणजे माझे सासरे, भगवानराव. आमी त्यांना मामा म्हणतो. जुने पोलीस पाटील, गाव त्यांच्या शब्दाभाईर न्हाई.

"मामा, जमंल का?" म्या इचारलं.

"मला शिकवती का, सरसोती? तिनं सांगितलं तसंच करतो."

दोन दिस मामा अन् त्यांच्या वयाची समदी म्हातारी माणसं कुठं तरी जात व्हती. त्या दोन दिसांत टँकरचा बी पत्ता न्हाई, म्हणून आमी बाया जुन्या गावाकडं फिरकलोच न्हाई. म्या खुरपायला जायची, सांजच्याला यायची. मामा खुशीत. म्हणायचे, "एक बी घर सोडलं न्हाई."

सोमवारी आलिया लातूरहून थेट तहसीलीत आली, म्या अन् जहांगीरभाई हिकडून गेलो. सायबाला तिनं आधीच फोन करून ठिवला व्हता. सायबानं कॉम्प्युटर उघडला, बघितलं, अन् असा हासला की दाढा दिसल्या.

"वा! लई छान काम केलंय. चाळीस घरं. नावानिशी."

म्या जहांगीरभाईंकडं बघून मान हलवली.

"पर बाई, ही चाळीसच्या चाळीस तर जुन्या जागेवर हायेत. नव्या जागेवर एक बी न्हाई. मग आमचा टँकर बरोबरच जातो म्हणा की! पुरावा तुमीच दिला."

आलियाचं तोंड एवढंसं झालं. तिनं एकेक ठिपका दाबून नाव ऐकलं. पयला आवाज आमच्या मामांचा. मग कोंडाबाई, मग सिद्धराम तेली, मग धोंडप्पा. समदे ठणठणीत आवाजात. ही म्हातारी माणसं काठ्या टेकत तीन किलोमीटर गेली व्हती, दगडांच्या ढिगात आपापला जुना उंबरा हुडकून काढला व्हता, त्यावर उभी ऱ्हाऊन बटन दाबलं व्हतं. आपलेच दात अन् आपलेच ओठ, सांगायचं कुणाला?

घरी आले ती पेटूनच.

"मामा, हे काय करून ठिवलंत?"

"काय केलं? पोरगी म्हणली, आपल्या उंबऱ्यात उभं ऱ्हा. म्या उभा ऱ्हायलो."

"अहो, हे घर कुणाचं मग?"

"हे सरकारचं. सरकारनं सिमिटाची पायरी दिली, उंबरा न्हाई दिला. माझा उंबरा तिथं हाय. तुझी आत्या तिथं हाय. तिला सोडून गावाचं नाव हिकडं आणू? गावाचं नाव गेलं तर तिला काय म्हणायचं, कुठली व्हती ती?"

आत्या म्हणजे माझी सासू. तेवीस वर्सं म्या ह्या माणसापुढं मान वर केली न्हाई. त्या दिवशी केली.

"मामा, माझी शीला बी तिथंच हाय. आठ म्हैन्याची. रडत व्हती म्हणून त्या राती म्याच तिला आत्याच्या कुशीत दिली, ह्या हातांनी. तुमी काय मलाच सांगता? पर मेलेल्याला तहान लागत न्हाई, मामा. तहान मला लागती. समोरच्या बाळंतिणीला लागती. टँकर तिथं जातोय अन् जिती माणसं हितं सुकून चालली!"

बोलून गेले, अन् मग माझंच रडू आवरंना. मामा उठून भाईर जाऊन बसले. त्या दिवशी जेवले न्हाईत. म्या बी न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी स्वतःच आलियाला हाक मारली. "पोरी, ते बटन आण."

सिमिटाच्या पायरीवर उभे ऱ्हायले. टोपी नीट केली. बटन दाबलं. "भगवानराव," म्हणले, अन् अडकले. "मुक्काम..." पुन्हा अडकले. मग घसा खाकरून म्हणले, "मुक्काम खडकसांगवी." अन् मोबाइल कोंडाबाईच्या हातात दिला. दुपारपत्तोर चाळीसच्या चाळीस घरं माळावर आली.

"जुनी पुसून टाकू का आजोबा?" आलियानं भीत भीत इचारलं.

"पुसू नगं. लिव, जुनं गाव, वस्ती न्हाई."

मग पोरीनं उतरून घेतलेले दोन फोटो दाखवले. एक औंदाचा, त्यात माळावर डाग अन् जुन्या जागी नुसतं रान. दुसरा भूकंपाच्या आधीचा, त्यात जुन्या जागी डाग अन् माळ मोकळा.

"हा कवाचा?" मामांनी इचारलं.

"त्र्याण्णवचा, एप्रिल म्हैना. सकाळचा."

मामांनी त्या डागावर बोट ठिवलं. "सरसोती, एप्रिलमधी सकाळच्याला तुझी आत्या अंगणात पापड वाळत घालायची."

म्या हिशेब केला. एप्रिलात शीला तीन म्हैन्याची. पाळण्यात. तिचा फोटो आमी कधी काढलाच नव्हता. आज काढू, उद्या काढू, करता करता ऱ्हाऊनच गेलं. अन् हितं वरून जाता जाता कुणी तरी काढून ठिवला व्हता, अन् कुणालाबी फुकट देत बसलं व्हतं. म्या त्या डागाकडं लई येळ बघत बसले. दिसत काहीच नव्हतं. तरी बघत बसले.

आता तुमाला वाटंल, पुरावा झाला, काम झालं. अहो, सायेब म्हणजे सायेब! समदं घेऊन आमी पुन्हा तहसीलीत गेलो, तर त्यानं कागद उलटापालटा केला.

"फोटो कुठून आणले?"

"नेटवरून. फुकट मिळतेत," आलिया खरं बोलली. शिकल्याली पोर, तिला कुठला येव्हार.

"फुकट? मग कच्चे असणार. फुकटचं काही चालत न्हाई हितं. पक्का नकाशा आणा."

पोर भाईर येऊन रडायला लागली. म्या म्हणलं, "गप. तुला भूगोल येतो, मला सायेब येतो." तोच नकाशा, तेच फोटो, लातुरात हनुमंतानं मोठ्या जाड कागदावर रंगीत काढून आणले. वर इंग्रजीत मथळा, कोपऱ्यात बाण, अन् सगळ्यावर लॅमिनेशन, क्लासच्या बॅनरवाणी चकचकीत. आठ दिवसांनी म्याच नेऊन सायबाच्या टेबलावर ठिवला.

"हे कुणी केलं?" सायेब हात फिरवत म्हणला.

"लातूरला करून घेतलं सायेब. मोठ्या माणसाकडून. लई खर्च आला बघा."

"असं! असं करायचं ना आधीच." अन् ठिपका हलला. तेवीस वर्सं जागचा न हललेला ठिपका, प्लास्टिक लावल्याबरोबर हलला. नकाशा सायबाच्या भिंतीवर टांगलाय आता. खाली त्यांच्याच हापिसाचा शिक्का हाय. आलियाचं नाव कुठं हाय म्हणून इचारू नका.

चौथ्या दिवशी शिवलिंगनं टँकर आमच्या गल्लीत आणला. "काकू, मशीन वाजलं बघा, तुमच्या दारात!" बायांनी घागरी भरल्या, कुणी पळालं न्हाई, कुणाला चिखल आला न्हाई. समोरच्या बाळंतिणीच्या घरी म्या स्वतः दोन घागरी पोचवल्या.

माघारी आले तर मामा पायताण घालून निघालेले. हातात आत्याचा तांब्या, अर्धा भरल्याला. माझी नजर चुकवून राहिले व्हते.

"कुठं निघालात मामा, एवढ्या उन्हाचं?"

"गावाकडं जाऊन येतो." बारा-तेरा दिस झाले बटन दाबून, पर ह्यांचं गाव अजून तेच. "तिकडं आता टँकर जात न्हाई न्हवं."

मला माझंच बोलणं आठवलं. म्या त्यांच्या हातातनं तांब्या घेतला. त्यांना वाटलं, आता ही पाणी घागरीत वतती. म्या तांब्या घागरीत बुडवला, काठोकाठ भरला अन् परत त्यांच्या हातात दिला.

"दोघीजणी हायेत तिथं," म्या म्हणलं. "अर्ध्या तांब्यानं काय व्हतंय?"