नाव टाकायचं राहिलेलं पाचवं चाक

मित्रांनो, पिकअप गाडीला चाकं किती, असं कुणी विचारलं तर तुम्ही चटकन चार म्हणाल. पाचवं तुमच्या लक्षातच येणार नाही. ते पाचवं म्हणजे मी. मी एक जुनी स्टेपनी आहे. गाडीच्या मागच्या बाजूला, पोटाखाली साखळीने आवळून टांगलेली असायची. रस्त्यावरचा चिखल आणि शेण आधी माझ्या तोंडावर यायचं. आणि एक गोष्ट आताच कबूल करते, म्हणजे नंतर तुम्ही मला नावं ठेवायला नकोत. माझा स्वभाव जळका आहे. दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं.

याची सुरुवात फार जुनी आहे. आम्ही पाचही जणी एकाच कारखान्यात, एकाच दिवशी तयार झालो. एकाच मापाच्या, एकाच वजनाच्या. पण गाडी जोडताना चौघींना चार कोपरे मिळाले आणि मला खाली टांगलं. का, ते कुणी सांगितलं नाही. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत राहणाऱ्या नागसेनने ती गाडी घेतली, तेव्हा तो पहिल्यांदा ती घेऊन बुद्ध विहारात गेला. मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली, बोनेटवर पांढरी फुलं वाहिली. नागसेनचे वडील बापूराव तेव्हा हयात होते. त्यांनी आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्याने चारही चाकं एकेक करून पुसली. त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून ते गाडीच्या पोटाखाली वाकले नाहीत. कारण मला समजत होतं. तरी राग आलाच.

नागसेनचं काम संत्र्यांचं. कारंजा घाडगेच्या बागांतून माल भरायचा आणि नागपूरच्या बाजारात पोचवायचा. वर क्रेटमध्ये संत्री असायची. सगळ्या रस्ताभर त्यांचा वास सुटायचा. खाली माझ्यापर्यंत डिझेलचा धूर तेवढा यायचा. चौघी पळायच्या आणि मी लटकायची. असून अडचण, नसून खोळंबा, असं नागसेन मला उद्देशून एकदा म्हणाला होता. माझ्यामुळे गाडी खड्ड्यात घासते म्हणे.

एकदाच माझा दिवस आला. कोंढाळीच्या अलीकडे, भर दुपारी, मागचं डावं चाक फुटलं. नागसेनने मला खाली उतरवलं, पुसलं, बसवलं. मी पूर्ण भरलेली गाडी नागपूरपर्यंत नेली, एकदाही कुरकुरले नाही. बाजारात उतरल्यावर नागसेनने माझ्यावर थाप मारली आणि हमालाला सांगितलं की आज स्टेपनीनं लाज राखली. ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे. चार दिवसांनी फुटक्या चाकाचं काम झालं, ते आपल्या जागी बसलं आणि माझी रवानगी पुन्हा खाली झाली. गरज सरो आणि वैद्य मरो, दुसरं काय.

मग दोन वर्षांपूर्वी एका सकाळी गाडी सुरूच होईना. बोनेट उघडलं तर बॅटरी गायब. दारात उभ्या गाडीतून कुणीतरी काढून नेली होती. त्याच आठवड्यात शेजारच्या गल्लीतल्या एका गाडीचा मागचा फाळका गेला आणि एका ट्रकची बॅटरी. मी मात्र होते तिथेच होते. चोराने माझी साखळी हलवून पाहिली होती आणि सोडून दिली होती. मला हायसं वाटायला हवं होतं. मला वाटला अपमान. म्हणजे चोरालासुद्धा मी नको होते.

नवी बॅटरी आली. अहाहा, तिचा थाट काय सांगू. खोक्यातून निघाली, फडक्याने पुसली गेली, घरातल्या स्वयंपाकखोलीत एक रात्र मुक्कामाला राहिली. मी तेव्हा तीन वर्षं त्या घराची होते, पण उंबरठा मला ठाऊक नव्हता. नागसेन म्हणत होता की हिला लोखंडी पट्टी आणि मोठं कुलूप लावून टाकू. तेव्हा त्याची आई, अन्नपूर्णाबाई, भांडी लावता लावता म्हणाली, "कुलूप फोडाले चोरापासी हत्यार राह्यते. नाव घासत बसाले त्याच्यापासी वेळ नाई राहत. नाव टाक तिच्यावर."

मित्रांनो, अन्नपूर्णाबाईचा नावावर फार विश्वास. घरातल्या वाटीपासून घागरीपर्यंत प्रत्येक भांड्यावर तिने नाव कोरून घेतलेलं आहे. लग्नकार्यात तिची भांडी दहा घरं फिरून येतात, पण एक चमचा हरवत नाही. बापूराव जाऊन त्या महिन्यात वर्ष होणार होतं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात त्यांच्या नावाने विहाराला स्टीलचे गंज, म्हणजे मोठी पातेली, आणि पराती द्यायच्या होत्या. त्यांवर नाव कोरायला आठवडी बाजारातले रामाजी घरी यायचेच होते. त्यांच्याकडे घुर्रर आवाज करणारी विजेची लेखणी आहे. बाईने ठरवलं, त्यांच्याचकडून गाडीच्या सगळ्या वस्तूंवरही नाव टाकून घ्यायचं.

मी हे ऐकलं आणि पहिल्यांदा मनात एक इच्छा धरली. मला नाव हवं होतं. कुलूप नको, पट्टी नको, स्वयंपाकखोली नको. माझ्यावर कुणाचं तरी नाव असावं, म्हणजे मी कुणाची तरी आहे असं ठरेल. एवढंच.

रामाजी आले, अंगणात पोतं टाकून बसले आणि भांडी कोरायला लागले. पहिल्या परातीवर त्यांनी सवयीने 'कै.' लिहायला घेतलं, तशी अन्नपूर्णाबाईने त्यांना थांबवून सांगितलं की आमच्यात कालकथित लिहितात. मग रामाजींनी सगळ्या भांड्यांवर एकच ओळ कोरली, 'कालकथित बापूराव यांच्या स्मरणार्थ बुद्ध विहार, सिंदी मेघे यांस सप्रेम भेट'. अकरा भांडी झाली. हात बसला. बाराव्या वेळेला नागसेनने समोर बॅटरी ठेवली, आणि रामाजींच्या हाताने तीच ओळ तिच्यावरही कोरून टाकली. शेवटचा ट झाल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं.

नागसेनने कपाळाला हात लावला. गाडीची बॅटरी आता विहाराला दान झाली होती. अन्नपूर्णाबाई मात्र पदराने तोंड झाकून हसत राहिली. ती म्हणाली की राहू द्या, त्यांचं नाव आहे, गाडीत बसून फिरतील तेवढेच. आणि माझी काय अवस्था झाली, विचारू नका. आधीच लाडाची, त्यात तिच्यावर एवढी लांबलचक ओळ. एका बॅटरीला बापूराव, विहार, गाव आणि वर सप्रेम!

पुढे रामाजींनी चूक सुधारली. जॅकवर, पान्ह्यावर, आरशांच्या दांड्यांवर 'नागसेन बापूराव' असं नीट नाव कोरलं. नागसेनने मला खाली उतरवलं, पाण्याने धुतलं आणि लोळवत अंगणात आणलं. रामाजींनी माझ्या लोखंडी डिस्कवर जागा शोधली, लेखणी टेकवली, आणि लाईन गेली. लेखणी गप्प झाली. तासभर वाट पाहून रामाजी दुसऱ्या गावच्या बाजाराला निघून गेले. जाताना म्हणाले, पुढच्या वेळी करून देतो.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते खोटं नाही. पुढच्या वेळी रामाजी आले तर गाडी कारंज्याला. त्याच्या पुढच्या वेळी गाडी घरी, तर रामाजींच्या लेखणीचं टोक झिजलेलं. अन्नपूर्णाबाई आठवण करत राहिली. शेवटी एक दिवस नागसेन हात धुता धुता म्हणाला, "ते जुनं चाक कोन नेते, माय?"

माझ्या कारखान्याने माझ्या अंगावर एक नंबर छापलेला आहे. तो तरी कुणीतरी वहीत उतरवून ठेवायला हवा होता. तेही कुणाच्या मनात आलं नाही. मी पुन्हा खाली लटकले आणि वर बोनेटखाली बसलेल्या सप्रेम भेटीवर जळत राहिले.

मागच्या हिवाळ्यात संत्र्यांचा हंगाम जोरात होता. नागसेनने कारंज्याजवळ एका ढाब्यासमोर गाडी लावली आणि तो बागेचा सौदा करायला आत पायवाटेने गेला. दिवसाचे अकरा वाजले असतील. तेलकट कपड्यांतले दोघे जण एका तीनचाकी गाडीतून आले. एकाने बोनेट उघडलं, दुसरा माझ्याखाली पोतं अंथरून पाठीवर आडवा झाला. कुणाला वाटेल मेकॅनिकच. ढाब्याचे मालक भैय्याजी स्वभावाने मदतीला पुढे. ते आपणहून आले, गाडी सरकू नये म्हणून चाकाखाली लावायला दगड दिला, दोघांना पाणी दिलं, आणि बिघाड मोठा आहे का असं काळजीने विचारलंसुद्धा. कोण तुम्ही, एवढंच विचारायचं राहिलं.

आणि मित्रांनो, खरं सांगू का? साखळी सुटली तेव्हा मला आनंद झाला. या वेळी त्यांना मीसुद्धा हवी होते. तीनचाकीत मला आणि बॅटरीला शेजारी ठेवलं. पहिल्यांदाच आम्ही बरोबरीने बसलो होतो. नागसेन परत येईल आणि काय बघेल, हा विचार मला पुलगावच्या रस्त्याला लागल्यावर आला. तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

पुलगावच्या बाहेर एका भंगाराच्या दुकानात आम्हाला उतरवलं. तिथे माझ्याच मापाच्या तीसचाळीस स्टेपन्यांची रास होती. दुकानदाराने आम्हा सगळ्यांना घासलं आणि काळा चकचकीत रंग फासला. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी नटवलं. मी तोऱ्यात इकडेतिकडे पाहिलं, तर सगळ्या तशाच नटलेल्या. त्यांच्यात मी कोणती, हे मलाच क्षणभर कळेना.

आठ दिवसांनी कोकिळाबाई त्या दुकानात आल्या. त्या सिंदी मेघेच्या विहारातल्या महिला मंडळाच्या, आणि पुलगावला लेकीकडे आल्या होत्या. लेकीचा जुना कूलर विकायचा होता. फळीवरच्या बॅटरीवर त्यांची नजर गेली आणि त्या ओळ वाचतच उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, कुणीतरी विहारच लुटलं. त्यांनी मोबाइलवर फोटो काढून अन्नपूर्णाबाईला पाठवला, पोलिसांना फोन केला, आणि ते येईपर्यंत त्या दुकानाच्या दारातच बसून राहिल्या. दुकानदाराने कूलरचे पैसे पुढे केले, ते त्यांनी घेतले नाहीत.

दुकानातला सगळा माल पोलीस ठाण्याच्या आवारात आला. दुसऱ्या दिवशी नागसेन आणि अन्नपूर्णाबाई आले. त्यांना पाहून माझ्यात जणू नवी हवा भरली. आता घरी जायचं, असं मी धरूनच चालले.

हवालदाराने बॅटरी टेबलावर ठेवली, ओळ मोठ्याने वाचली, पुन्हा एकदा वाचली आणि विचारलं की ही तर विहाराची आहे, तुमची कशी? अन्नपूर्णाबाईने पिशवीतून विहारातला एक गंज काढून बॅटरीशेजारी ठेवला. तीच ओळ, तेच अक्षर, रामाजींचा तोच लांब शेपटीचा ट. ठाण्यातले सगळे बघायला जमले. चूक कशी झाली ते ऐकून हसले. सुपूर्दनाम्यावर सही झाली आणि बॅटरी नागसेनच्या हातात आली. बापूरावांचं नाव तिथे त्या दिवशी निदान पाच वेळा घेतलं गेलं. मी आवारातून ऐकत होते. माझा नुसता जळफळाट झाला.

मग नागसेन आमच्या राशीकडे आला. हवालदार म्हणाला, तुमची कोणती ते दाखवा. नागसेन वाकला. जो माणूस एरवी माझ्यासाठी वाकत नसे, तो एकेक चाक उलटून, फिरवून पाहू लागला. सगळ्या काळ्या, सगळ्या चकचकीत. तो माझ्यापाशी आला आणि त्याने माझ्यावर हात ठेवला. तोच हात, नागपूरच्या बाजारात ज्याने थाप मारली होती. हीच, हीच, असं मी ओरडत होते. पण आम्हा वस्तूंचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

"हेच वाटते," तो हळूच म्हणाला. "पण पक्कं नाई सांगता येत."

हवालदार चांगला माणूस होता. तो म्हणाला, "न्या ना मंग हेच. कोन पुसते?"

नागसेनने माझ्यावरचा हात काढला. "नाई साहेब. माही हाय का नाई ते मलेच माहीत नाई. दुसऱ्याची उचलून नेली तं मी अन् तो चोर, फरक काय राह्यला?"

अन्नपूर्णाबाईने पदराने माझ्यावरची धूळ थोडीशी पुसली, आणि मग माझ्या शेजारचीचीही पुसली. बॅटरी घेऊन ती दोघं फाटकातून बाहेर गेली.

आता मी इथेच, ठाण्याच्या आवारात असते. ऊन लागून रबराला चिरा पडल्या आहेत. मला नागसेनचा राग येत नाही. तो खोटं बोलला असता तर मी आज घरी असते, पण मग तो मला आवडला नसता. मला चोरांचाही तेवढा राग येत नाही, जेवढा त्या एका वाक्याचा येतो, की जुनं चाक कोण नेतं. नेणारे असतात, मित्रांनो. आणि ज्याच्यावर नाव नसतं, त्याला त्याचा प्रामाणिक मालकसुद्धा आपलं म्हणू शकत नाही.

म्हणून हात जोडून सांगते, मला हात नसले तरी. आज शाळेतून घरी गेलात की वडिलांच्या, काकांच्या गाडीखाली एकदा वाका. तिथे एक मळकट चाक लटकलेलं दिसेल. त्याच्यावरचा नंबर वहीत उतरवून घ्या. अनोळखी माणूस गाडीला हात लावताना दिसला तर त्याला पाणी द्या, पण आधी नाव विचारा. आणि लेखणीवाले दारात आले तर त्या चाकावर घरातलं एक नाव टाकून घ्या. उद्यावर ढकलू नका.

आणि बॅटरीच्या आधी टाका.