कासार आंबोलीची फाल्कोने

मित्रांनो, शेळ्यांच्या गोठ्यात राहिलेली इटालियन मोटारसायकल तुम्ही कधी पाहिली नसेल. ती मी! माझं नाव फाल्कोने, म्हणजे बहिरी ससाणा. कंपनी मोटो गुझी. इटलीतल्या एका तळ्याकाठी माझा जन्म झाला. आमच्या घराण्यात १९२१ सालची 'नॉर्माले' सगळ्यांत थोरली. तिच्या मागची 'नॉर्जे' पार बर्फाळ उत्तरेपर्यंत जाऊन आली. धाकट्या 'व्ही सेव्हन'ला दोन सिलिंडर. मला एकच, तोही आडवा.

जहाजातून मी गोव्यात उतरले. तिथल्या मालकाने देश सोडताना मला त्याच्या ड्रायव्हरच्या, भिवाजीच्या, हवाली केलं. त्याने मला मुळशीत, आपल्या गावी कासार आंबोलीला आणलं. माझं एक जड चाक इंजिनाच्या बाहेरच गरगरतं. ते पाहून लोक विचारत, “भिवाजी, ही गाडी हाय का पिठाची गिरणी?” तो खूश व्हायचा.

एकदा त्याच्या लहानग्या शुभांगीला साप चावला. तिला मांडीवर घेऊन तिची आई गोजराबाई मागे बसली. पौडच्या दवाखान्यापर्यंत मी एकदाही बंद पडले नाही. पोर वाचली.

भिवाजी गेला आणि मी गोठ्यात गेले. शेळ्यांनी माझी सीट चघळली. कोंबड्या टाकीवर झोपू लागल्या.

यंदा भिवाजीच्या मुलाने, जालिंदरने, गोठा पाडायला काढला आणि मला भंगारात दिलं. गोजराबाई रानातून आली तेव्हा माझी जागा रिकामी होती.

“जाल्या, गाडी कुटं हाय?”

“आई, निस्ता गंज हुता. दिली पिरंगुटच्या भंगारवाल्याला.”

“मला इचारलंस? तुझी बहीण जित्ती हाय ती त्या गाडीमुळं!”

शुभांगी आता पिरंगुटच्याच कारखान्यात लेथवर काम करते. आईचा फोन येताच ती तशीच धावत निघाली. इकडे भंगारवाल्याकडे गॅसकटरची निळी ज्योत माझ्या हँडलजवळ आली होती.

“दादा, थांबा! ती आमची गाडी हाय. परत न्यायची हाय!”

ज्योत विझली. मित्रांनो, माझ्या जिवात जीव आला!

मी घरी परतले. बाजारात मिळाले नाहीत ते भाग शुभांगीने लेथवर घडवले. जालिंदर रोज गंज घासत बसायचा. परवाच्या रविवारी त्याने किक मारली. नुसती फुस्स. परत मारली, परत फुस्स. तो घामाघूम झाला. आणि मग, धप्प... धप्प... धप्प...

त्याने हसत मला बंद करायला हात पुढे केला.

“ऱ्हाऊ दे रं,” गोजराबाई म्हणाली. “जरा ऐकू दे.”

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू टाकायचीच असेल तर टाका. पण आधी घरातल्या सगळ्यांना एकदा विचारा.