पंचावन्न टक्के

पारनेर तालुक्यात कानिफनाथला सगळे डॉक्टरच म्हणत. खरं तर तो गाई भरवणारा. मोटरसायकलला नायट्रोजनची टाकी बांधून गोठ्यागोठ्यांवर जायचा, आणि चांगल्या वळूच्या रेताची कांडी गाईला भरायचा. दोन गोठ्यांच्या मध्ये आंब्याच्या वासाचा व्हेप ओढायचा.

"ही काय सिगारेट न्हाई, नुसती वाफ हाय," असं बायकोला, पंकजाला, सांगायचा.

लग्नाला तीन वर्षं झाली तरी पाळणा हलेना. पंकजाच्या तपासण्या चांगल्या आल्या, तेव्हा तिने त्यालाच ओढत नगरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रिपोर्ट आला. शुक्राणूंची हालचाल, बावीस टक्के.

कानिफनाथ कागदाकडे बघतच राहिला. "असला वळू मी माघारी धाडला असता," तो पुटपुटला.

"काही व्यसन?" बाईंनी विचारलं.

"कसलंच न्हाई."

"दिवसभर आंबा ओढत्यात," पंकजा म्हणाली.

बाईंनी चष्मा वर केला. "त्या वाफेतही निकोटिन असतं. अभ्यास अजून चालू आहेत, पण शुक्राणूंवर परिणाम होतो असं दिसतंय. तीन महिने बंद करा, मग परत बघू."

पंकजाने व्हेप तिथल्या तिथे काढून घेतला. पहिल्या आठवड्यात कानिफनाथ म्हशींवरही खेकसला. तोंडाला चाळा म्हणून आधी बडीशेप, मग शेंगदाणे, आणि एकदा तर गोठ्यातली सरकी पेंडसुद्धा चाखली. पण ओढलं नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. दुसऱ्या दिवशी तो सूर्यभाननानांच्या गोठ्यात होता. हात खांद्यापर्यंत गाईत, आणि खिशात फोन वाजला.

"नाना, तेवढा उचला."

नानांना कमी ऐकू येई. त्यांनी स्पीकर लावला. डॉक्टरीणबाईंचा आवाज गोठाभर घुमला.

"रिपोर्ट आला हो! हालचाल पंचावन्न टक्के. छान आहे!"

दुधाच्या किटल्या घेऊन उभे असलेले चौघे वळून बघू लागले.

"कंच्या वळूची?" नाना ओरडले.

कानिफनाथला पळताही येईना. "माझी," तो म्हणाला.

"आरं, पास झाला की!" नानांनी टाळी वाजवली. गाय बिचकली, लाथ बसली, एक किटली आडवी झाली.

तो लंगडत घरी पोचला, तोवर तिघीजणी पंकजाला आकडा सांगून गेल्या होत्या.

"गावभर केलंत," ती हसू दाबत म्हणाली. "आता पोराची बातमी तरी मला आधी सांगू द्या."