आरशावरचं इंग्रजी

माझ्या सलूनमध्ये दोन आरसे समोरासमोर लावलेत. मधल्या खुर्चीत बसलं की माणूस आत आत जात राहतो, दर वेळी आणखी लहान होत. दुपारी गिऱ्हाईक नसतं. पंखा गरगरत असतो, पावडरचा वास हवेत रेंगाळतो, आणि भिंगरी उंच स्टुलावर चढून साबणाच्या वडीने आरशावर इंग्रजी लिहीत असते. भिंगरी म्हणजे माझी लेक. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच.

दहावीचे बाकी विषय सुटले, इंग्रजी मात्र मानगुटीवर बसलं. दोनदा आपटली. "या खेपेला नाही झालं तर मी सरळ कात्री धरणार, बाबा," असं तिने जाहीरच करून टाकलं. माझं डोकं सणकलं. कात्री धरायला मी काय मेलोय? पण मी तापलो की पोरगी नुसती हसते. म्हणून मीच शिकायला बसलो. म्हटलं, बापाला जमलं तर लेकीला न जमायला काय झालं!

"आरसा म्हणजे?" ती विचारायची.

"नाउन."

"आणि कापणं?"

"व्हर्ब."

"शाब्बास, बाबा!"

मग सिमिली, मेटाफर अशी इंग्रजी अलंकारांची बडी मंडळी आली. साबणाची अक्षरं या आरशात सुलटी, समोरच्यात उलटी, आणखी आत गेलं की पुन्हा सुलटी. बघता बघता डोळे जड व्हायचे. वाटायचं, आतल्या कुठल्यातरी दुकानात तिची आईही बाकावर बसलीय, गालावर हात ठेवून ऐकतेय. बरं वाटायचं.

एकदा अशा वेळी पोस्टमनकाका आले. निवृत्त माणूस. डोक्यावर केस मोजकेच, पण त्यांचा तोरा भारी. "कडेने, नेहमीसारखे," म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. मी कात्री चालवायला लागलो. भिंगरीचा धडा चालूच होता.

"पर्सॉनिफिकेशन म्हणजे निर्जीव वस्तूला माणसासारखं वागवायचं, बाबा. पंखा कंटाळलाय. कात्रीला भूक लागलीय. मी नसले की हे स्टूल माझी वाट बघतं."

इतकं गोड सांगत होती की माझी तंद्रीच लागली. भुकेली कात्री चरत राहिली. भानावर आलो तर काय, काकांची एक बाजू सफाचट!

"अरे देवा!"

"काय झालं?" काकांनी डोळे उघडले.

"काही नाही, काका. दुसरी बाजूही जरा हलकी करून टाकतो."

भिंगरी तोंडात ओढणी कोंबून हसत होती. काका बराच वेळ आरशात बघत राहिले. आता माझी शंभर वर्षं भरली म्हणून मी हात जोडून उभा. पण ते वळले ते तिच्याकडे.

"केसांचं मरू दे, येतील परत. ही पोरगी एवढं सुरेख शिकवते, तिला नापास कुठल्या गाढवाने केलं?"

भिंगरीचं हसू मावळलं. तिने झाडू उचलला आणि झाडलेली जागाच पुन्हा झाडायला लागली. काका गेल्यावर मी दार ओढून घेतलं.

"खरं सांग. पेपरात काय लिहिलं होतंस?"

"बैठक नंबर."

"आणि?"

"आणखी काही नाही. दोन्ही वेळा." ती झाडूकडे बघत म्हणाली. "पास झाले की पुढचं कॉलेज लांबच्या गावाला. हॉस्टेलवर राहायचं. मग तुम्ही संध्याकाळी कुणाशी बोलणार? मी आठवण नाही करून दिली तर भाजीत मीठसुद्धा घालत नाही तुम्ही!"

असा राग आला म्हणून सांगू! "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" ओरडलोच मी. आणि ओरडता ओरडता रडू फुटलं. "मला तू हवीस गं. रोज हवीस. पण माझ्यापायी अडकलेली नकोस. जा तू."

दोन्ही आरशांतले झाडून सगळे बाप नाक पुसत होते. एकाचंही तोंड बघण्यासारखं नव्हतं. भिंगरी माझ्या कुशीत शिरून हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

तिसऱ्या वेळी तिने पेपर लिहिला. पास झाली आणि गेली.

साबणाची अक्षरं मी अजून पुसलेली नाहीत. गिऱ्हाइकांना त्यांच्यामधूनच तोंड बघावं लागतं. कुरकुरतात, मी दाद देत नाही. संध्याकाळी घरी मीठ आठवणीने घालतो, कधी कधी दोनदा पडतं.

काल दुपारी एक नवा माणूस आला. जड पिशवी होती, ती त्याने स्टुलावर टेकवली.

"तिथे नको," मी खेकसलो.

"का? रिकामंच तर आहे."

"रिकामं नाही ते. वाट बघतंय."

तो माझ्याकडे टकामका बघत राहिला. मग काय वाटलं कोण जाणे, पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसला.