शनिवारसाठी तापवलेली फरशी

मी एक जुना पंप आहे, मित्रांनो. पंप म्हटले की तुम्हाला विहीर आठवेल, मळा आठवेल, धो धो पडणारे पाणी आठवेल. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी जेमतेम दोन मुठींएवढा आहे. एका घराच्या बोळातल्या कपाटात मी बसतो आणि उन्हाने तापलेले पाणी फरशीखालच्या नळ्यांतून फिरवून परत आणतो. तेच ते पाणी गोल गोल फिरवतो, असे कोणी हिणवले की मला राग येतो. पाणी तेच असले तरी ऊब रोज नवी असते.

कारखान्यातले दिवस फारसे आठवत नाहीत. एका कामगार बाईने मला कानाशी धरले, माझी घरघर ऐकली आणि "हा शांत आहे" म्हणून खोक्यात ठेवले. ती शाबासकी मला बराच काळ पुरली.

तिथून मी टेकडीच्या उतारावरच्या या घरी आलो. घरधनी निवृत्त लाईनमन. सगळ्या परिसरात त्यांनी तारा ओढल्या, पण त्यांच्या स्वतःच्या घरापर्यंत तार काही आली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. छतावर सोलरचे पॅनेल आणि जिन्याखाली बॅटऱ्या, एवढ्यावर घर चालायचे. त्यांच्या पत्नीची छाती नाजूक होती, थंडीत दम लागायचा. मुलगी लांबच्या शहरात नर्स होती. ती त्यांना आई-बाबा म्हणायची, म्हणून मीही मनातल्या मनात तेच म्हणू लागलो.

मी येण्याआधी या घरात बरीच वादावादी झाली होती. बाबा ती आल्यागेल्याला इतक्यांदा सांगत की मला पाठ झाली. शेजारच्या मास्तरांनी तारेचा हीटर सुचवला होता. "तो दोन तास लावला की बॅटऱ्या माना टाकतील," बाबा म्हणाले, "मग काय अंधारात बसून शेकायचं?" अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे सोलरवर जगणाऱ्याला शिकवावे लागत नाही. लाकडाची शेगडी आणावी, तर धूर थेट आईच्या छातीत जाणार. आईचे म्हणणे वेगळेच होते. "आधी खिडक्यांच्या फटी बुजवा, मग काय ते आणा." तसे केले. फटी बुजल्या, छताखाली जाड अस्तर आले, आणि निम्मी थंडी तिथेच अडली.

उरलेल्या निम्म्यासाठी मुलीने हा उपाय शोधला. छतावर काळ्या पेट्या बसवायच्या, त्यांत पाणी तापवायचे, जाड वेष्टनाच्या टाकीत साठवायचे आणि फरशीखालून फिरवायचे. फिरवायला मी, आणि मला वीज लागते एका छोट्या दिव्याएवढी. "उन्हाची आधी वीज करायची आणि विजेची पुन्हा ऊब, हा द्राविडी प्राणायाम कशाला?" ती फोनवर म्हणाली. बाबांना ते पटले.

अडचण एकच होती. छतावर पेट्यांना जागा थोडी होती. फिटर म्हणाला, "काकू, एका वेळी एकच खोली तापेल. दोन्हीकडे वाटलं तर दोन्ही गारच राहतील. आणि फरशी जड आहे, तापायला दोन दिवस घेते. घाई चालायची नाही." म्हणून माझ्या शेजारी एक कॉक बसवला. दांडा इकडे केला की पाणी स्वयंपाकघरात जायचे, तिकडे केला की मुलीच्या खोलीत. आई-बाबा थंडीत स्वयंपाकघरातच बसत आणि तिथेच झोपत.

पहिल्या थंडीत माझे केवढे कौतुक झाले. आई अनवाणी फिरायची. पाहुणे आले की बाबा माझ्या कपाटाचे दार उघडून मला दाखवायचे, नातू दाखवावा तसे. थंडीच्या शेवटी मुलगी आली. तिच्यासाठी आधीच दांडा तिकडे केला होता. उन्हे वर येईपर्यंत ती झोपली आणि उठून म्हणाली, "आई, या घरात पहिल्यांदाच माझे पाय गार पडले नाहीत. आता दर थंडीत येणार." ती सहज बोलून गेली. आईने मात्र मनाशी खूणगाठ बांधली.

फोनची रेंज फक्त बोळात, माझ्या कपाटासमोर येते. त्यामुळे पुढचे सगळे मी ऐकले आहे. "या शनिवारी येते बहुतेक," असे मुलगी म्हणायची. शनिवारी फरशी गरम हवी तर दांडा गुरुवारी फिरवायला हवा.

"अगं, ती बहुतेक म्हणाली," बाबा म्हणायचे.

"मग काय झालं? आली आणि फरशी गार असली तर? दिवसभर पायांवर उभी असते पोर."

"आणि तुझं काय?"

"मला काय धाड भरलीये? एक शाल जास्त घेईन. फिरवा तुम्ही."

बाबा दांडा फिरवायचे. शनिवारी दुपारी फोन यायचा. "आई, ड्युटी बदलली गं. पुढच्या आठवड्यात बघते. तू उबेत आहेस ना?"

"हो तर. फरशी कशी छान तापलीये." आई खोटे बोलत नव्हती. फरशी छानच तापली होती, पण ती पलीकडच्या खोलीतली होती.

रविवारी दांडा पुन्हा इकडे यायचा. स्वयंपाकघराची जड फरशी मंगळवारी कुठे कोमट व्हायची, मध्ये ढग आले तर तेवढीही नाही. बुधवारचा एक दिवस सुखाचा जायचा आणि पुन्हा गुरुवार उजाडायचा. मी त्या रिकाम्या खोलीतून पाणी फिरवत राहायचो. पोरीची आवरून ठेवलेली खोली मोडायची नाही, असे आईचे म्हणणे, म्हणून तिथे कोणी पाय ठेवत नव्हते, कोणी अंथरूण घालत नव्हते. मला फार वाईट वाटायचे, पण मला कोण विचारतो?

तिसऱ्या थंडीत आईचा खोकला हटेना. बाबांनी निक्षून सांगितले, "या वेळी मी फिरवणार नाही." ते बाहेर पॅनेल पुसायला गेले आणि आई भिंतीला धरत धरत स्वतः आली. तिने दोन्ही हातांनी दांडा फिरवला. तिचा हात क्षणभर माझ्या अंगाला लागला. मी गरम होतो, म्हणून ती जराशी तिथेच थांबली. पुढच्या आठवड्यात तिला दवाखान्यात नेले, ती परत आली नाही. छाती आधीपासूनच दुबळी होती, असे डॉक्टर म्हणाले. थंडीचे नाव कोणी घेतले नाही.

मुलगी आली. दवाखान्याच्या धावपळीत दांडा तिकडेच राहिला होता, त्यामुळे तिच्या खोलीची फरशी गरम होती. बूट काढून ती कितीतरी वेळ तिथे बसली, मग पाणी प्यायला अनवाणीच स्वयंपाकघरात गेली आणि दारातच थबकली.

"बाबा, इथली फरशी एवढी गार कशी?"

"तुझी खोली तापवली होती ना."

"आज?"

बाबा म्हणाले, "दर गुरुवारी. तू येतेस म्हणायचीस, म्हणून आई ऐकायची नाही."

ती मटकन खाली बसली, आई झोपायची त्याच जागी. तिचे रडणे मला कपाटात ऐकू आले.

परत जाताना तिने कॉक स्वयंपाकघराकडे केला, दांडा उपसून काढला आणि आपल्या पिशवीत टाकला. "मी आले तर गार खोलीत झोपेन, बाबा. तुम्ही उबेत राहायचं." बाबा "बरं" म्हणाले.

काही दिवस तसे गेले. मग एकदा तिचा फोन आला. "बाबा, शनिवारी बघते, जमलं तर." गुरुवारी माझ्या कपाटाचे दार उघडले. बाबांच्या हातात पक्कड होती. सारी नोकरी खांबांवर काढलेल्या माणसाला कॉक फिरवायला दांडा लागत नाही.

मित्रांनो, आता माझी घरघर वाढली आहे. माझी गाळणी साफ करा, नळ्यांतली हवा काढा, असे मी सांगितले असते, पण ते फिटरही सांगेल. मला दुसरेच सांगायचे आहे. घरी येणार असाल तर या. येणार नसाल तर सरळ नाही म्हणा. आई-बाप त्यावर रागावत नाहीत, फक्त आपापल्या उबेत झोपतात. पण "बघते" म्हणू नका. तुमच्या त्या एका शब्दावर इथे एक म्हातारा माणूस गार फरशीवर अंथरूण घालतो.