सतरा नंबरचा खेळाडू

आमच्या साहेबांना पोहता येत नाही. कंबरभर पाण्यात उतरायचं तरी हात धरायला माणूस लागतो. आणि हे गृहस्थ मला शिकवणार, समुद्राच्या तळाशी माणूस कसा जगतो ते! मी त्यांना मनातल्या मनात दीडशहाणे म्हणायचे. हल्ली उघड म्हणते.

आमची कंपनी व्हिडिओ गेम बनवते. दोन वर्षं मी एकाच गेमच्या मागे होते. समुद्रतळावर एक लोखंडी तळ, आत सहा माणसं, रोज कुठून तरी पाणी शिरणार आणि ऑक्सिजन संपायच्या आत काहीतरी करून तगायचं. त्यातलं एकूणएक मी बाबांना विचारून घेतलं होतं. बाबा पाणबुडे. बावीस वर्षं असल्याच तळावर वेल्डिंग केलं, डावा कान त्यातच गेला. आतल्या भिंतींना घाम कसा फुटतो, झोपायच्या फळ्या किती अरुंद असतात, सगळं त्यांनी सांगितलं. दाराचा नियमही त्यांचाच. पाणी शिरलं की मधलं दार लावायचं, पण आधी तीनदा ठोकायचं. पलीकडून ठोकल्याचं उत्तर येतंय तोवर दार लावायचं नाही म्हणजे नाही.

मागच्या आठवड्यात बाबांचा उरलेला कान दाखवायला मी दोन दिवस रजा घेतली. तेवढ्यात साहेबांनी नियमच फिरवला. आता पलीकडे माणूस असो नसो, जितक्या लवकर दार लावाल तितका जास्त ऑक्सिजन. वर पडद्यावर पिवळ्या अक्षरांत 'शाब्बास!' मला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. तसाच गेम चाचणीसाठी वीस घरी पाठवला. त्यातलं सतरा नंबरचं घर आमचं होतं, पण हे फक्त मला ठाऊक.

सोमवारच्या बैठकीत साहेबांनी भिंतीवर आकडे दाखवले. एकोणीस जणांनी चार-पाच सेकंदांत दार लावलेलं. सतरा नंबर एक्केचाळीस वेळा बुडून मेलेला. दरवेळी दाराशीच उभा.

"हा कोण गाढव?" साहेब म्हणाले. "बटण दाबायला बोटं आहेत की नाहीत याला?"

सगळे खो खो हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तो गाढव माझा बाप आहे," मी म्हटलं.

हसणं थांबलं. आमच्या ध्वनिवाल्याने चाचरत सांगितलं, की नियम बदलला तरी पलीकडून ठोकण्याचा आवाज गेममधून काढून टाकायचा राहून गेलाय. संगीताखाली तो कुणाला ऐकू जात नाही. मी सांगितलं, बाबांचा संगीताने कान दुखतो, म्हणून ते संगीत बंद करून खेळतात.

साहेबांचा चेहरा उजळला. "मग सोपं आहे! आवाजच काढून टाका. आवाज नाही तर वाट कोण बघेल? संध्याकाळपर्यंत झालं पाहिजे."

वा रे वा! माणूस बुडवायचा तो बुडवायचा, वर त्याचं तोंडही दाबायचं! मी उठले आणि दुपारी तडक घरी गेले.

बाबा संगणकापुढेच होते, हेडफोन चांगल्या कानावर. आई दारातूनच म्हणाली, "सांग तुझ्या बाबांना, दोन दिवस धड जेवले नाहीत."

"बाबा, बटण का नाही दाबलंत?" मी विचारलं.

"अगं, पलीकडून ठोकतोय ना तो. कसं लावू?"

"गेम आहे हो तो!"

"ते कळतं मला." त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "एकदा लावलं होतं. वरून फोनवर हुकूम आला, लाव दार. आत आम्ही चौघं होतो, पलीकडे एक जण. लावलं. तो नंतर बराच वेळ ठोकत होता गं."

"आणि तुमचा तो नियम?"

"तो मी नंतर केला. माझ्या तुकडीपुरता."

आई पदर तोंडाला लावून आत गेली. तिलाही हे आज कळत होतं. मला रडू आलं, पण त्याहून जास्त संताप आला. फोनवरचा तोही कोरड्या खुर्चीत बसलेला कुणी दीडशहाणाच असणार! हुकूम त्याचा, आणि ठोकणं आयुष्यभर ऐकलं माझ्या बापाने.

ऑफिसात परतले ती सरळ माझ्या जागेवर. आवाजाला हात लावला नाही. संगीत तेवढं काढून टाकलं आणि ते 'शाब्बास'ही पुसलं. मग साहेबांच्या खोलीत जाऊन हेडफोन त्यांच्या हातात दिला.

"झालं काम?"

"झालं. खेळून बघा. नाही आवडलं तर मला काढा."

साहेब खेळायला बसले. पडद्यावर पाणी शिरलं. घोट्यापर्यंत आलं, गुडघ्यापर्यंत आलं. हेडफोनच्या बाहेरही मला बारीक ऐकू येत होतं, ठक, ठक, ठक. पाणी छातीला लागलं. साहेबांनी मान वर केली. कपाळावर घाम होता.

"दार लावायचं बटण कुठंय?"

"बोटाखालीच आहे, साहेब," मी म्हटलं. "दाबा की."