लहान खोलीतली ऊब

मॅलकी फॅलनने घरात बॉयलर बसवला, तेव्हा आमच्या डेरीनामोना गावातल्या अर्ध्या लोकांनी त्याला वेड्यात काढलं आणि उरलेले अर्धे हिवाळाभर त्याच्याच स्वयंपाकघरात येऊन बसले. तोपर्यंत सगळ्यांची थंडी एकाच तऱ्हेने जायची. चुलीसमोर बसायचं, गुडघे भाजून घ्यायचे आणि पाठ गारठू द्यायची. मॅलकीने लोखंडी चुलीच्या पाठीला पाण्याची टाकी जोडली. दलदलीतून स्वतः कापून, उन्हावाऱ्यात उलटून पालटून वाळवलेल्या पीटच्या, म्हणजे जळणाच्या काळ्या मातीच्या, विटा चुलीत घालायच्या. मागे पाणी तापायचं आणि पंप ते नळ्यांमधून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरवायचा. त्याच्या बायकोला, डीलियाला, लग्नानंतर पहिल्यांदाच झोपताना पायमोजे काढता आले.

पण बाईमाणसाला एक सुख दिलं की दुसरी खोट दिसते. डीलियाची खोट म्हणजे स्वयंपाकघरापलीकडची लहान खोली. तिथल्या रेडिएटरला पंप लागत नसे. पाणी तापलं की आपलं आपणच तिकडे चढायचं. चूल पेटलेली असली की ती खोली गरम, कुणी राहत असो वा नसो. ती पूर्वी मॅलकीच्या आईची खोली होती आणि म्हातारीने आपल्या हयातीत डीलियाला काही कमी छळलं नव्हतं. डीलियाने एकदा तो रेडिएटर बंद करून टाकला, तर मॅलकीने व्हॉल्व्ह पुन्हा पूर्ण उघडला आणि त्याची मूठच काढून नेली.

"मेल्यावरही आईला शेक चालू आहे," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

मॅलकी चिडत नसे. वीज गेली की पंप थांबतो, तो म्हणायचा, मग चुलीतली उष्णता जाणार कुठे? तिला एक तरी दार कायम उघडं पाहिजे. डीलिया हे या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायची. नवऱ्याने आईच्या बाजूने काढलेली सबब, एवढाच तिने त्याचा अर्थ घेतला होता.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला मॅलकीला खोकला लागला आणि गेला नाही. सगळ्यात उबदार म्हणून त्याचा पलंग त्याच खोलीत नेला. तिथून तो दोनतीनदा म्हणाला की न्वालाला कळव. न्वाला त्यांची एकुलती मुलगी, बॉस्टनला एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. डीलियाने उडवून लावलं. म्हणाली, खोकल्यापायी पोरीला समुद्र ओलांडायला लावायचा का? एप्रिलमध्ये दलदलीत पीट कापताना तूच सगळ्यांच्या पुढे असशील. हे ती दुष्टपणाने बोलली नव्हती. मुलीला बोलावलं तर आजार खरा ठरेल, अशी तिला भीती होती. माणसं अशीच स्वतःला फसवतात, आणि बिल दुसऱ्याच्या नावावर फाडतात.

जानेवारीत मॅलकी गेला. पॅकी गिलनच्या दुकानात टेलिफोन होता, तिथून डीलियाने बॉस्टनला कळवलं. 

न्वाला म्हणाली, "मला त्याचा चेहरा बघायचाय, आई. मी येईपर्यंत पेटी बंद करू देऊ नकोस."

"नाही करू देणार," डीलिया म्हणाली. "तू ये. तोवर मी त्याला सांभाळते."

विमान, मग दुसरं विमान, मग डब्लिनहून बस. म्हणजे मयत दोन रात्री ठेवायला हवं होतं. शवपेट्या करणारा हार्कन म्हणाला की खोली दगडासारखी गार राहिली तर निभेल, नाहीतर तो कसलीच हमी देणार नाही. खिडकी उघडी ठेवता आली असती, पण तिथे मॅलकीची बहीण फिलोमिना होती. जीव बाहेर पडावा म्हणून तिनेच खिडकी उघडली होती आणि जीव परत येऊ नये म्हणून तिनेच ती लावली. आता दफन होईपर्यंत तिला हात लावायचा नाही, असा तिचा हुकूम होता. सगळा गाव तेच मानतो, त्यामुळे तिला कोण काय बोलणार?

उरला रेडिएटर. डीलिया पक्कड घेऊन गेली आणि इतक्या वर्षांत जे करता आलं नव्हतं ते तिने केलं. व्हॉल्व्ह करकरला, आणि बंद झाला. रेडिएटर हळूहळू निवला. खरं सांगायचं तर त्या दुःखातही तिला थोडं जिंकल्यासारखं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली.

आमच्याकडे मयताला एकटं ठेवत नाहीत. पहिल्या रात्री सगळा गाव येऊन गेला. येईल तो लहान खोलीत गुडघे टेकायचा, मॅलकीच्या जोडलेल्या हातांना हात लावायचा आणि बाहेर येऊन चहा, हॅमचं सँडविच आणि मॅलकीच्या गोष्टी यांत रमायचा. घरची बाई अशा वेळी टेकत नाही. डीलिया किटली भरत होती, कपबशा विसळत होती, पाव कापत होती. मध्येच ती लहान खोलीत जाई, रेडिएटरवर तळहात ठेवी, गार आहे ना बघे आणि परत येई. नवऱ्याजवळ बसायचंय, हे तिच्या मनात होतं. न्वाला आली की दोघी बसू, असं तिने ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पश्चिमेकडून वादळ आलं. येणारे ओलेचिंब होऊन यायचे आणि हात शेकत चुलीत दोन दोन विटा जादा सारायचे. मयताच्या सोबतीला माणसं बसलेल्या घरात आग मोठी हवी, हा रिवाजच. तेवढ्यात दिवे गेले. कुणीतरी मेणबत्त्या लावल्या आणि पुन्हा विटा सारल्या.

थोड्या वेळाने भिंतीतून टक टक टक असा आवाज आला.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. जरा थांबून पुन्हा तीनदा आला. तीन टकटक म्हणजे मेलेल्याचं बोलावणं, हे तिथे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. फिलोमिनाने क्रूसाची खूण केली आणि खाली गुडघ्यांवर बसली. पाठोपाठ सगळं स्वयंपाकघर बसलं आणि जपमाळ सुरू झाली. आवाज वाढत गेला तशी प्रार्थनाही वाढत गेली. आत नळ्या कण्हत होत्या, माळ्यावर काहीतरी खदखदत होतं आणि इकडे धट्टीकट्टी शेतकरी माणसं डोळे मिटून मॅलकीच्या आत्म्याला शांती मागत होती.

डीलियाही त्यांच्यात होती. माळेतल्या पहिल्या दहा प्रार्थना तिनेही म्हटल्या. मॅलकी आपल्याला बोलावतोय, असंच तिला वाटलं. मग बॉयलरच्या पाठीवरून वाफेची एक फुसकारी निघाली आणि तिला नवऱ्याचं बोलणं शब्द न् शब्द आठवलं. वीज गेली, पंप थांबला, आणि ज्या एका दारातून उष्णता जायची ते तिने स्वतः पक्कडीने लावून ठेवलं होतं.

"उठा," ती म्हणाली. "तो मॅलकी नाही, बॉयलर आहे. आग बाहेर काढा."

पॅकी गिलन आणि त्याच्या भावाने फावड्याने जळत्या विटा बादल्यांत भरून अंगणात फेकल्या. डीलिया पक्कड घेऊन लहान खोलीत धावली. व्हॉल्व्ह तापला होता. तळहात पोळला, तरी तिने तो फिरवला. पाणी सुसाटत आत शिरलं. भिंतीतली टकटक विरळ होत थांबली. माळ्यावरच्या पाण्याच्या टाकीतली खदखद निवली. बाहेर कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

संकट टळलं, असं सगळ्यांना वाटलं. डीलियाला तसं वाटलं नाही. तिच्या हाताखाली रेडिएटर तापत होता.

तरी तेवढ्यावर भागलं असतं. आग काढलीच होती, बॉयलर निवला असता, खोली पुन्हा गार झाली असती. पण तेवढ्यात निरोप आला की वळणावरचं ॲशचं झाड रस्त्यावर आडवं झालंय. कुणालाच घरी जाता येणार नव्हतं. घरात म्हातारी माणसं होती, ओल्या कपड्यांतली पोरं होती आणि चहाचं आधण ठेवायलाही ती एकच चूल होती. सोबतीला आलेल्या माणसाला चहाशिवाय, गारठ्यात बसवायचं? फॅलनांच्या घरात असं कधी झालं नव्हतं. चूल पुन्हा पेटली, लहानच, पण पेटली. आणि पंप बंद असल्यामुळे तिची सगळी ऊब एकाच खोलीत जाऊ लागली. जिवंत माणसांसाठी ठेवलेली प्रत्येक किटली तिथे मॅलकीला तापवत होती.

पॅकीने डीलियाला बाजूला घेतलं. तो मॅलकीचा जुना मित्र, दरवर्षी दोघं एकमेकांचं पीट भरून आणायचे.

"त्याला शेडमध्ये नेऊ," तो हळू म्हणाला. "कोरडी आहे, थंडगार आहे. त्यानेच रचलेलं पीट आहे तिथे. आम्ही चौघं रात्रभर बसतो त्याच्यापाशी."

हळू बोलून काय उपयोग? फिलोमिनाने ऐकलंच.

"माझ्या भावाला पिटाच्या शेडमध्ये ठेवणार?" ती म्हणाली. "कुत्र्यासारखं? एकदा उंबरा ओलांडला की माणूस घरात परत येत नाही, डीलिया. ती पोर रिकाम्या घरात येईल. आणि गाव काय म्हणेल, ते तू ऐकशील, मी नाही."

सगळे डीलियाकडे बघू लागले. शेड अंगणापलीकडे होती, दहा ढांगांवर. मॅलकीला विचारलं असतं तर तो हसत गेला असता. निम्मं आयुष्य त्याने तिथेच काढलं होतं. हे डीलियाला पक्कं ठाऊक होतं. तरी तिच्या तोंडून निघालं, "राहू दे. इथेच राहू दे त्याला."

 टोपी चुरगळत पॅकी चुलीपाशी जाऊन बसला.

रात्र कशीबशी सरली. उजाडल्यावर झाड कापून बाजूला केलं आणि हार्कन आला. लहान खोलीत जाऊन तो लगेच बाहेर आला आणि दार ओढून घेतलं. त्याने डीलियाला नकारार्थी मान हलवून दाखवली.

"पेटी आत्ताच बंद करावी लागेल," तो म्हणाला. "तुम्हाला निरोप घ्यायचा असेल तर घ्या."

डीलिया आत गेली. खोलीत दमट, जड ऊब होती. उबेने काय केलं असेल, या भीतीने तिला त्याच्याकडे बघवेना. डोळे मिटून ती वाकली, ओठांनी त्याचं कपाळ शोधलं आणि तशीच मागे सरली. हार्कनचे स्क्रू फिरल्याचा आवाज तिने बाहेर चहाचा ट्रे धरून ऐकला.

न्वाला दुपारी आली. बॉस्टनचा पातळ कोट, रडून सुजलेले डोळे. ती कुणाशी न बोलता सरळ लहान खोलीत गेली आणि झाकलेल्या पेटीसमोर उभी राहिली.

"तू म्हणाली होतीस," ती म्हणाली.

फिलोमिना पुढे झाली. वादळ, वीज, देवाची इच्छा, असं सगळं ती सांगू लागली. ते सगळं खरंच होतं. डीलियाने तेवढ्यावर गप्प बसायचं ठरवलं असतं तर कुणी तिला बोल लावला नसता.

"नाही," डीलिया म्हणाली. "रेडिएटर मी बंद केला, तिथून सुरुवात झाली. मग त्याला शेडमध्ये नेता आलं असतं. मी लोकांना घाबरले. तो आजारी होता तेव्हाही तुला कळव म्हणत होता, तेही मीच नाही केलं."

फिलोमिना जमिनीकडे बघू लागली. न्वाला ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्ची ओढून पेटीशेजारी बसली, दुसरी खुर्ची आईकडे सरकवली आणि झाकणावर हात ठेवला. दोन दिवसांत डीलिया पहिल्यांदाच बसत होती.

"बरं, मग तू सांग," शेवटी न्वाला म्हणाली. "तू तर होतीस इथे दोन्ही रात्री. कसा दिसत होता तो? शांत होता?"

डीलियाने तोंड उघडलं. किती कप लागले ते तिला सांगता आलं असतं. कोण कोण आलं, कोण रडलं, कुणी किती सँडविचं खाल्ली, रेडिएटर केव्हा गार होता आणि केव्हा तापला, सगळं सांगता आलं असतं. चेहरा मात्र काही केल्या तिच्या डोळ्यांपुढे येईना. त्या खोलीत ती पन्नास वेळा गेली होती, आणि एकदाही तिने त्याच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. त्याचं कपाळ गरम होतं, एवढंच तिला माहीत होतं, आणि ते काही तिला मुलीला सांगवलं नाही.